यात खलनायक कोण?

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटक लिहायचं तर खलनायक आधी ठरवावा लागतो. धान घरात आला, दिवाळी झाली, मंडईच्या जत्रा भरू लागल्या की पार होळीपर्यंत आमची नाटकं चालतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत लोक जागचे हलत नाहीत. कडाक्याच्या थंडीत माणसाला जागं ठेवायचं तर त्याला कुणाचा तरी राग यावा लागतो. सावकार, पाटलाचा पोरगा, घर फोडणारी भावजय, दारूला लावणारा मित्र, एवढ्या भांडवलावर मी बरीच वर्षं लिहिलं. मग वाघाच्या हल्ल्यावर एक नाटक डोक्यात आलं. वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकांना कथा सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, सारं बराबर आहे. पण यात खलनायक कोण?"

ते धंद्याचं विचारत होते. मी मात्र तेव्हापासून त्या प्रश्नाकडे पापपुण्याच्या अंगानं बघतो आहे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात 2025च्या मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. हीच हकीकत बातमीवाला सांगेल, जाहिरातवाला सांगेल, सिनेमावाला सांगेल. घटना एक राहील, पण पाप मात्र प्रत्येक वेळी वेगळ्याच्या माथी जाईल.

असं का होतं, याचं उत्तर कथाशास्त्रात सापडतं. रशियाच्या व्लादिमीर प्रॉपनं 1928 साली तिथल्या परीकथा उकलून दाखवलं, की पात्रं शेकडो असली तरी भूमिका सातच असतात. पुढे 1966मध्ये ग्रेमास या अभ्यासकानं त्या सहा जागांवर आणल्या: कर्ता, त्याला हवी असलेली गोष्ट, त्याला धाडणारा, ज्याला लाभ होतो तो, मदतनीस आणि विरोधक. माणूस, जनावर, देव, सरकार, कुणीही कुठल्याही जागेवर बसू शकतं. जागा मात्र रिकामी राहिली की कथेला चैन पडत नाही.

आता हे आमच्या वाघाला लावून बघा. वृत्तवाहिनीवर गोष्ट मृतदेहापासून सुरू होते आणि पिंजऱ्याचं दार पडलं की संपते. तिथं वाघ विरोधक. निसर्गपटात गोष्ट तळ्याकाठच्या पहाटेपासून सुरू होते. ताडोब्याच्या माया वाघिणीसारखी एखादी आई, तिची पिल्लं, हद्दीवर चालून येणारा परका नर. तिथं वाघीण नायिका, आणि आम्ही गाववाले बहुधा चौकटीच्या बाहेर. 2010च्या सुमारास टीव्हीवर एअरसेल आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांची मोहीम गाजली होती. देशात फक्त 1411 वाघ उरले, असा आकडा आणि आईची वाट पाहणारा स्ट्राइपी नावाचा बछडा. जाहिरातीला वेळ थोडा, म्हणून तिनं एकच उणीव दाखवली, आई नाही. मदतनीसाची जागा मुद्दाम रिकामी सोडली आणि ती घरबसल्या प्रेक्षकाला देऊ केली. कसब मोठंच. पण त्या जंगलात सरपणाला जाणाऱ्या बाईसाठी तिच्यात एकही जागा नव्हती.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात टी-1, म्हणजे लोकांची अवनी, 2 नोव्हेंबर 2018ला गोळी घालून मारली गेली. अशाच नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीच्या पाठलागावर 2021 साली अमित मसुरकरांचा 'शेरनी' आला. त्यानं वाघिणीला विरोधकाच्या जागेवरून उठवलं, गाववाल्यांनाही तिथं बसवलं नाही. पण जागा भरायला शिकारी आणि पुढारी लागलेच.

आमच्याकडची जुनी गोष्ट या चौकटीत बसत नाही. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू गावप्रमुख होता. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मेला, अशी कथा आहे. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं देवस्थान आहे आणि पौषात तिथं जत्रा भरायची. सिनेमाच्या हिशेबानं यापुढे तारूच्या मुलानं सूड घ्यायला हवा. कथा तिकडे वळतच नाही. मेलेला देव होतो, मारणारा वाघ राहतो, आणि ते जंगल दोघांचं राहतं. आजही मयतीच्या घरी बसलेली एखादी म्हातारी म्हणते, "वाघीण तरी का करल जी? तिले बी पिल्लं हायेत."

हे ऐकून शहरातले पाहुणे भारावतात. मला मात्र इथंच भीती वाटते. कुणीच दोषी नाही म्हटलं, की सगळ्यांनाच सुटका मिळते. नशीब म्हणून फाइल बंद करणं कुठल्याही कार्यालयाला सोयीचंच असतं.

या पेचातून वाट दिसली ती गीतेच्या अठराव्या अध्यायात. तिथं कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. हे पाच असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही पुढं बजावलं आहे. मी हा न्याय वाघिणीलाही लावतो. अधिष्ठान म्हणजे कोळशाच्या खाणींनी आणि रस्त्यांनी तुकडे केलेलं जंगल, जिथं ताडोब्यातून बाहेर पडलेला तरुण वाघ ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांधावर येतो. कर्ता म्हणाल तर वाघीणही आणि बाईही. करण म्हणजे उघडे हात आणि वाकलेली पाठ. चेष्टा म्हणजे उजाडायच्या आत निघणं, पानं खुडणं, सत्तर पानांचा एक पुडा बांधणं, पुडे मोजून घेतात ती फळी गाठणं. त्या दिवशी त्याच झुडपामागं वाघीण असणं, एवढंच दैव. त्याचा नंबर पाचवा आहे. आधीच्या चारांचा जाब घेतल्याशिवाय त्याचं नाव घेण्याचा हक्क कुणाला नाही.

म्हणून खलनायक नसलेल्या गोष्टीत जबाबदार माणसं वाढतात, असं मला वाटू लागलं आहे. पिल्लं असलेली वाघीण जंगलाच्या ज्या कक्षात दिसली तिथली तोडणी थांबवून तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न वाघीण जेरबंद झाली म्हणून मिटत नाही. वनखातं त्यात येतं, ठेकेदार येतो, तिकीट काढून जिप्सीत बसणारा पर्यटक येतो. आणि आमचा प्रेक्षकही येतो, कारण नाटक बघता बघता तो जी विडी ओढतो तिचं पान अशाच कुठल्या तरी फळीवरून गेलेलं असतं. खलनायक दिला की हा माणूस रागावून, मोकळा होऊन घरी जातो. मला त्याला मोकळं सोडायचं नाही, आणि असं नाटक विकायला अवघड जाणार, हेही मला ठाऊक आहे.