गोड शेवट, कडूगोड शेवट

परवा पहाटे आम्ही फजरला उठलो, तर भाचा कॉम्प्युटरसमोर डोळे पुसत बसलेला. "मामू, गेम संपला. जिंकलो, पण सिरी निघून गेली," म्हणाला. आम्हांला आधी हसू आलं. मग प्रश्न पडला, जिंकूनही रडवणारा शेवट खेळात असावा का?

'द विचर ३' हा पोलंडमध्ये तयार झालेला गेम २०१५ साली आला. राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट आणि त्याने लेकीसारखी वाढवलेली सिरी यांची ही गोष्ट. सिरीच्या वाट्याला तीन शेवट येऊ शकतात. एकात ती गेराल्टसारखीच शिकारी होते, हा गोड. दुसऱ्यात ती साम्राज्याची वारस होते आणि त्याचा निरोप घेते, हा कडूगोड. तिसऱ्यात ती परतच येत नाही.

गंमत अशी, की तिचं परतणं तलवारीवर ठरत नाही. खचलेल्या सिरीबरोबर गेराल्ट बर्फाचे गोळे फेकत खेळतो का, जादूगारिणींना भेटायला तिला एकटीला जाऊ देतो का, तिच्या जन्मदात्या बादशहाने देऊ केलेलं बक्षीस नाकारतो का, अशा चारपाच लहान प्रसंगांवर ते ठरतं. तिच्यावर विश्वास टाकला नाही, तर ती हरवते. म्हणजे गोड आणि कडूगोड हे दोन्ही शेवट विश्वासाच्याच वाटेने येतात. कडूगोड शेवट ही शिक्षा नव्हे.

कोणी म्हणेल, पैसे मोजून, रात्री जागून दुःख कशाला विकत घ्यायचं? २०१२ साली 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावर खेळणारे असेच संतापले होते. पण अनेकांची तक्रार निव्वळ दुःखाची नव्हती. तीन गेममध्ये आपण जे जे निवडलं, त्याचं शेवटी काहीच झालं नाही, ही होती. कंपनीने त्याच वर्षी शेवटाचा विस्तार फुकट दिला. त्यात उलगडा वाढवला, दुःख मात्र पुसलं नाही.

म्हणून आम्हांला वाटतं, दोन्ही शेवट असावेत. एकच दुःखी शेवट असला, तर खेळणारा त्याला नशीब म्हणून सोडून देतो. गोड शेवटही हाताशी असताना जो लेकीला जाऊ देतो, त्याच्या दुःखाला अर्थ येतो. जुना सेव्ह उघडून दुसरा शेवट पाहता येतो हे खरं. पण आपण आधी काय निवडलं, हे मनातून जात नाही.

वर्गात आम्ही मुलांना स्वावलंबनाचे धडे देतो. घरी मात्र भाच्याचा पुण्याच्या एम.ए.चा फॉर्म दोन आठवडे आमच्याच कपाटात होता. "आम्ही बरोबर येऊ, मग बघू," असं सांगून ठेवलं होतं. त्या सकाळी चहा झाल्यावर तो त्याच्या हातात दिला.

"मामू, तुम्ही येणार ना?"

"तू जा. पोचलास की फोन कर."