कॅमेरा छातीवर, परवाना कोणाकडे?

ब्रिटनमध्ये पबच्या दारावर उभ्या राहणाऱ्या रखवालदाराला सरकारी परवाना लागतो. २००१ च्या खासगी सुरक्षा उद्योग कायद्याने ही पद्धत आणली. २००३ मध्ये स्थापन झालेली सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी प्रशिक्षण आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून तीन वर्षांचा परवाना देते. आता या रखवालदारांच्या छातीवर कॅमेरे आले आहेत. माणसाची तपासणी झाली. त्याच्या कॅमेऱ्याचे काय?

कायद्यात सीसीटीव्हीसाठी वेगळा परवाना आहे. कंत्राटी सुरक्षा सेवेत कॅमेऱ्यातून लोकांच्या हालचालींवर नजर ठेवायची किंवा विशिष्ट माणसाची ओळख पटवायची असेल, तर तो लागतो. केवळ मालमत्तेच्या रक्षणासाठी किंवा घुसखोर ओळखण्यासाठी कॅमेरा वापरला, तर लागत नाही. म्हणजे निकष यंत्राचा नाही, हेतूचा आहे. नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसणाऱ्याला तो लावता येतो, कारण त्याचे काम ठरलेले असते. अंगावरच्या कॅमेऱ्याचा हेतू मात्र बदलत राहतो. भांडण सुरू झाले म्हणून रखवालदार स्वतःच्या बचावासाठी बटण दाबतो. त्याच चित्रणात आजूबाजूची माणसे येतात. आठवड्याने व्यवस्थापक तेच चित्रण ‘नको असलेले’ ग्राहक हुडकण्यासाठी उघडू शकतो. बटण दाबणाऱ्याला यातला पहिलाच हेतू ठाऊक असतो.

दुसरी फट याहून मोठी आहे. एजन्सीने पुरवलेल्या माणसाने सीसीटीव्हीवर नजर ठेवली तर परवाना हवा. आस्थापनेच्या स्वतःच्या नोकराने तेच केले तर नको. मँचेस्टर अरीनात २०१७ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात २२ जणांचा बळी गेला. त्याच्या चौकशीचे अध्यक्ष सर जॉन सॉन्डर्स यांनी २०२१ च्या अहवालात या भेदाचा फेरविचार करण्याची शिफारस केली, ती योग्यच होती. गाडी स्वतःची असो वा भाड्याची, चालवणाऱ्याला परवाना लागतोच. पाळतीला वेगळा न्याय का?

यावर उत्तर मिळते की विदासंरक्षण कायदा आहेच; चित्रण कोणीही केले तरी तो लागू होतो. ते खरे आहे. पण त्या कायद्याची जबाबदारी मुख्यतः कंपनीवर असते, आणि कॅमेरा कधी सुरू करायचा, कोणाकडे वळवायचा, कधी बंद करायचा हे भर गोंधळात एकटा रखवालदार ठरवतो. हा विवेक प्रशिक्षणानेच येतो आणि प्रशिक्षणाची सक्ती परवान्यातूनच करता येते. दोन्ही कायदे एकमेकांना पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

भारतात हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही. खासगी सुरक्षा एजन्सींविषयीच्या २००५ च्या कायद्यात सुरक्षेची व्याख्या माणसाचे वा मालमत्तेचे रक्षण अशी आहे. परवाना एजन्सीला मिळतो. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने थेट पगारावर वॉचमन ठेवला, तर ती संस्था काही एजन्सी ठरत नाही. उद्या त्याच वॉचमनच्या खिशाला कॅमेरा अडकवला, तर घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरे, पाहुणे सगळे चित्रित होतील. वैयक्तिक विदासंरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर भर देतो. पण रोजीरोटीसाठी फाटक ओलांडणाऱ्या बाईच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

कॅमेरा रखवालदारावरही नजर ठेवतो, हे विसरून चालणार नाही. मारहाण झाली तर पुरावा त्याच्या बाजूचा, पण चित्रण मालकाच्या ताब्यात. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांच्या रोजगाराचे नियमन आणि कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा केला, म्हणजे रक्षक हाही कामगार आहे हे मान्य केले. म्हणून परवान्याच्या अटींत तीन गोष्टी हव्यात: चित्रण चालू असल्याची समोरच्याला स्पष्ट जाणीव, चित्रण पाहणाऱ्या आणि पुसणाऱ्या प्रत्येकाची नोंद, आणि स्वतःविरुद्धच्या तक्रारीत ते चित्रण मागण्याचा रखवालदाराचा हक्क. या अटी एजन्सीला आणि थेट मालकाला सारख्याच लागू व्हाव्यात.

छोट्या संस्थांना हा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण कॅमेरा कोणी सक्तीचा केलेला नाही. ज्यांना त्याची जबाबदारी परवडत नाही, त्यांनी कॅमेऱ्याविना रखवालदार ठेवावा.