मुद्दे मोजावेत की तोलावेत?

वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकाला दोनच गोष्टी हमखास मिळतात : गार झालेला चहा आणि तापलेले दोन्ही पक्ष. हे काम मी बरीच वर्षे फुकट करीत आलो आहे. माझे निरीक्षण असे की, आपला वक्ता मुद्दे मोजतो. "माझे मुद्दे सात, प्रतिपक्षाचे फक्त चार!" हे तो अशा थाटात सांगतो की पंगतीत जिलब्याच खाल्ल्या आहेत. अहो, पण सात पेरू जड की चार फणस, हे बोटांवर मोजून कसे कळायचे? त्याला तराजूच लागतो.

या तराजूची वजने चार. नुकसान केवढे? ते होण्याचा संभव किती? किती लवकर होणार? आणि झालेले पुन्हा भरून निघते का? अमेरिकेतल्या 'पॉलिसी डिबेट'वाल्या पोरांचा पहिल्या वजनावर फार जीव. विषय कुठलाही असो, गाडी अणुयुद्धावर जाऊन थांबते! तिथे दुसरे वजन काढून विचारावे, "बाबा रे, संभव किती?"

मला स्वतःला चौथे वजन सर्वांत जड वाटते. १८९१चा संमतिवयाचा कायदाच घ्या ना. मुलीचे संमतिवय १० वरून १२ करायचे होते. टिळकांचे म्हणणे, परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने हात घालू नये. मुद्दा हलका मुळीच नव्हता. आगरकर कायद्याच्या बाजूचे. त्याआधीच बंगालमधली फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून जिवाला मुकली होती. आता तोला. स्वराज्य उशिरा आले, पण १९४७ साली आले. फुलमणी काही परत आली नाही.

टिळकपक्ष म्हणेल, पारतंत्र्यातही माणसे मरतात आणि तीही परत येत नाहीत. कबूल! घाला तेही पारड्यात. निदान वाद मोजणीवरून तोलण्यावर तरी आला.

म्हणून "तुमचा मुद्दा खरा आहे, पण माझा अमुक कारणाने जड आहे" असे म्हणणाऱ्याला मी सढळ हाताने गुण देतो. फिरती ढाल मात्र पुष्कळदा मोठ्या आवाजाच्या घरी जाते. काय करणार? माझ्या शेजारी आणखी दोन परीक्षक बसलेले असतात, आणि तिथे मतांची मोजणीच होते!