धाकधूक

६ मार्च २०२४ च्या सकाळी नागपुरात मध्य प्रदेशला जिंकायला ९३ धावा हव्या होत्या आणि त्यांचे चार गडी शिल्लक होते. विदर्भाने ते चारही काढले, सामना ६२ धावांनी जिंकला आणि रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. तिथे मुंबई आधीच येऊन बसली होती; तामिळनाडूला तिने तिसऱ्याच दिवशी डावाने हरवलं होतं. अंतिम सामना १० तारखेपासून, वानखेडेवर.

त्या सामन्याबद्दल भरपूर लिहून झालं आहे. मला लिहायचंय ते मधल्या दिवसांबद्दल, आणि तेही वाशीम जिल्ह्यातून. इकडे तेव्हा हरभरा निघत होता. महाशिवरात्र मध्येच आली. थ्रेशरच्या भुशाने केस पांढरे झालेली माणसं संध्याकाळी मालेगावच्या एका टपरीवर चहाला थांबली होती. त्यातले एक वयस्कर गृहस्थ दुपट्ट्याने मान पुसत म्हणाले, "हारलो तरी चालते भाऊ, फायनलले तं गेलो न!" बाजूच्या पोराने कप खाली ठेवला. "चालत नाई काका. फायनलले गेलो तं जिकूनच या लागते. मुंबई असो नाई तं कोनी असो." काका हसले. पोरगा हसला नाही. त्याला बोलून झाल्यावर चहाही गोड लागत नसावा, असा त्याचा चेहरा झाला होता.

विदर्भाच्या क्रिकेटची सगळी वाटचाल मला या दोन वाक्यांमधल्या अंतरात दिसते. काकांना भीती नव्हती, कारण त्यांच्या आयुष्याचा बराचसा काळ विदर्भाचं हरणं गृहीत धरण्यात गेला होता. जो हरणारच आहे त्याच्या समर्थकाला झोप छान लागते. पोराची झोप उडाली होती, कारण त्याचा संघ जिंकू शकत होता. ही धाकधूक वरवर दुबळेपणाची खूण वाटते. खरं तर ती कमाई असते आणि पिढ्यान्पिढ्या ती वाट्याला येत नाही.

विदर्भ १९५७-५८ च्या हंगामात पहिल्यांदा रणजीत उतरला. पुढच्याच हंगामापासून मुंबईने करंडक जिंकायला सुरुवात केली आणि १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं तो कुणाला दिला नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, पण क्रिकेटात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ वेगळेच राहिले. त्यातही विदर्भ मध्य विभागात होता आणि मुंबई पश्चिम विभागात. म्हणजे एका राज्यात असूनही गाठ पडायची ती बाद फेरीतच, आणि बाद फेरीपर्यंत विदर्भ क्वचित पोहोचायचा. विभागवार पद्धत २००२-०३ मध्ये गेली, तर विदर्भ खालच्या प्लेट गटात अडकून राहिला. अशा परिस्थितीत मुंबई आमची प्रतिस्पर्धी होती असं म्हणणंसुद्धा धाडसाचं ठरलं असतं. प्रतिस्पर्धी होण्यासाठी दोघांनी एकमेकांची दखल घ्यावी लागते, आणि आमची दखल घेण्याचं मुंबईला काही कारणच नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. मुंबई आमच्यासमोर उभी ठाकण्याआधी आमचीच होती. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, कुठेही जा. जुन्या पिढीने क्रिकेट ऐकलं ते रेडिओवर आणि जीव लावला तो गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर यांच्यावर. ती मराठी नावं होती, आपल्या राज्याच्या राजधानीतली होती. त्यांच्या शतकावर वऱ्हाडातल्या गल्लीत पेढे वाटले गेले. तेव्हा २०२४ च्या मार्चमध्ये मुंबई हरावी असं मनापासून वाटणं अनेकांना सोपं गेलं नाही. अजिंक्य रहाणेच्या संघाविरुद्ध अक्षय वाडकरच्या संघाची बाजू घ्यायची, म्हणजे ज्यांना बघून खेळ आवडू लागला त्यांच्याच घराण्याविरुद्ध उभं राहायचं. आपण नेमके कुठले, हा प्रश्न सातबाऱ्याने सुटत नाही. त्या चार दिवसांत तो घरोघरी सुटत होता, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेकांच्या घरात तो विदर्भाच्या बाजूने सुटला.

त्यातही वाशीमची अडचण वेगळी. विदर्भाचा संघ म्हटलं की डोळ्यांपुढे नागपूर येतं. वाशीमपासून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाकाटकांच्या काळीही विदर्भाला दोन तोंडं होती, एक नागपूरकडचं नंदिवर्धन आणि दुसरं आमचं वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. पण क्रिकेटची राजधानी एकच आहे आणि ती पूर्वेला आहे. म्हणून त्या संघातली नावं वाचताना इकडचा माणूस आधी आपल्या भागाचं कोण आहे ते शोधतो. अथर्व तायडे अकोल्याचा, आदित्य ठाकरेही अकोल्याचा. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे हे दोघे घरचेच. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव हा तर सगळ्या विदर्भाचा. असे दोन-तीन धागे मिळाले की अडीचशे किलोमीटर कमी होतात.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांचा मला इथे हेवा वाटतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तालमींचे हे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा प्रतिस्पर्धी शेजारच्या पेठेत राहतो. आदल्या दिवशी त्याच्याशी भांडता येतं, सामना डोळ्यांनी बघता येतो, नंतर पुन्हा भांडता येतं. वाशीमच्या समर्थकाला यातलं काहीच मिळत नाही. वानखेडे त्याच्यापासून इतकं लांब की पाच दिवस कामं टाकून जाणं सुगीच्या दिवसांत शक्यच नसतं. सामना सुरू झाला की त्याच्या वाट्याला मोबाइलचा पडदा येतो, उन्हात नीट न दिसणारा. पण सामन्याआधीचे दिवस पूर्णपणे त्याचे असतात. त्या दिवसांत वानखेडेच्या पॅव्हिलियनमध्ये बसणारा आणि हरभऱ्याच्या ढिगापाशी बसणारा अगदी सारखे असतात. दोघांनाही काहीच ठाऊक नसतं.

अशा वेळी माणूस इतिहासात आधार शोधतो. मुंबईला अंतिम सामन्यात कोणी हरवलंय का? हरवलंय, आणि मोजक्यांनी. १९९१ मध्ये याच वानखेडेवर कपिलदेवच्या हरियाणाने दोन धावांनी; ३५५ चा पाठलाग करताना मुंबई ३५२ वर थांबली आणि १३९ वर नाबाद राहिलेल्या वेंगसरकरांना अश्रू आवरले नाहीत. २०१७ च्या जानेवारीत इंदूरला गुजरातने. २०२२ मध्ये बेंगळुरूला मध्य प्रदेशने. त्या मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईचेच जुने यष्टिरक्षक. हेच पंडित त्याआधी विदर्भात आले होते. २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवत विदर्भाने पहिला रणजी करंडक उचलला, पदार्पणानंतर बरोबर साठाव्या वर्षी, तेव्हा प्रशिक्षक तेच होते आणि विजयी फटका मारणारा वासिम जाफरही मुंबईहूनच आलेला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपुरात विदर्भाने मुंबईला एक डाव राखून हरवलं, आणि त्यात जाफरने आपल्या जुन्या संघाविरुद्ध मोठं शतक ठोकलं.

मला हे फार मोलाचं वाटतं. बलाढ्य संघाला गाठायचं तर त्याचा द्वेष करून भागत नाही. विदर्भाने मुंबईचा खडूसपणा मागून आणला, पैसे मोजून आणला, आणि रजनीश गुरबानी, फैज फजल, आदित्य सरवटे यांच्यासारख्या आपल्या पोरांच्या अंगी तो मुरू दिला. हे मान्य करण्यात कसलाही कमीपणा नाही.

द्वेषाचा विषय निघालाच आहे तर एक स्पष्ट बोलायला हवं. त्या चार दिवसांत विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाची भाषा पुष्कळ ऐकू आली. १९५३ चा नागपूर करार, दांडेकर समिती, सिंचन, रस्ते, नोकऱ्या. सगळा हिशेब वानखेडेवर चुकता करा असं अकरा मुलांना सांगितलं जात होतं. दुखणं खरं आहे. वाशीम जिल्ह्यात राहणाऱ्याला ते समजावून सांगायची गरज नाही. पण सामना जिंकून एकाही शेताला पाणी मिळत नाही, आणि हरून कुणाचा हक्क कमी होत नाही. हा भार खेळाडूंच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे, आणि प्रश्नांच्या दृष्टीनेही घातक आहे. करंडक आला की ते सुटल्यासारखे वाटतात.

बलाढ्य संघाच्या बाजूने ते दिवस कसे गेले असतील, याचाही विचार मनात यायचा. मुंबई ४८ व्या वेळी अंतिम सामना खेळत होती. आधीच्या ४७ पैकी ४१ तिने जिंकले होते, पण शेवटचा २०१५-१६ मध्ये. तिच्या समर्थकाला जिंकून आनंद किती होणार? देणं फेडल्याचा सुस्कारा, एवढाच. हरलं तर मात्र आयुष्यभर बोलणी. फुटबॉलमध्ये याचं सर्वांत क्रूर उदाहरण १९५० चं. रिओच्या माराकाना मैदानात ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी बरोबरीसुद्धा पुरणार होती. वर्तमानपत्रांनी विजेते आधीच जाहीर केले होते. उरुग्वेने सामना २-१ ने जिंकला आणि दोन लाखांच्या घरातली गर्दी गप्प झाली. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा याला पुढे मरेपर्यंत लोकांनी ते विसरू दिलं नाही. चार वर्षांनी बर्नमध्ये हंगेरीचं तेच झालं. साखळीत पश्चिम जर्मनीला ८-३ ने चिरडणारा संघ अंतिम सामन्यात त्यांच्याकडूनच ३-२ ने हरला. बलाढ्याची भीती दुबळ्याच्या भीतीपेक्षा जड असते. फक्त ती उघड बोलायची सोय त्याला नसते.

सामना सुरू झाला आणि पहिल्या दोन दिवसांत आमची आशा पार निकालात निघाली. मुंबई २२४, विदर्भ १०५. मग १९ वर्षांच्या मुशीर खानचं १३६, श्रेयस अय्यरचे ९५, रहाणेचे ७३; मुंबई ४१८. विदर्भापुढे ५३८. रणजीच्या इतिहासात एवढा पाठलाग तोवर कधी कुणी यशस्वी केला नव्हता. इथे टपरीवरच्या काकांचं वाक्य पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं असतं तर नवल नव्हतं.

पण पाचव्या दिवशी सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे खेळपट्टीवर होते आणि ते हलायला तयार नव्हते. जेवणापर्यंत एकही गडी पडला नाही. दोघांनी १३० धावा जोडल्या. वाडकरचं शतक लागलं. त्या दोन तासांत धाकधुकीने बाजू बदलली. वानखेडेच्या गर्दीचा आवाज उतरत गेला, मुंबईचे क्षेत्ररक्षक एकमेकांकडे बघू लागले. जिंकणं तेव्हाही कठीणच होतं, पण ते आता फक्त कठीण होतं, अशक्य राहिलं नव्हतं. जेवणानंतर वाडकर १०२ वर गेला, दुबे ६५ वर, आणि ३५३ वरून ३६८ पर्यंत सगळं संपलं. शेवटचा गडी धवल कुलकर्णीने काढला, त्याच्या कारकिर्दीचा तो शेवटचा सामना. मुंबईने ४२ वा करंडक उचलला. १६९ धावांनी हरूनही मला वाटतं, विदर्भ मुंबईचा खरा प्रतिस्पर्धी त्या सकाळी झाला.

याचा पडताळा वर्षभरात आला. २०२५ च्या फेब्रुवारीत उपांत्य सामन्यात पुन्हा मुंबई, या वेळी नागपुरात, जामठ्याच्या मैदानावर. पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना परत पाठवलं. यश राठोडने १५१ केल्या. मुंबई ८० धावांनी हरली. सामन्याआधीच्या गप्पांमध्ये "हारलो तरी चालते" म्हणणारं कुणी मला भेटलं नाही.

अंतिम फेरीत समोर केरळ आला, इतिहासात पहिल्यांदाच. आता गणित उलटं झालं होतं. दोन वेळा विजेता झालेला, घरच्या मैदानावर खेळणारा संघ आमचा होता. फायनलला आलो हेच खूप झालं, असं या वेळी तिकडे कुठल्या तरी चहाच्या दुकानात मल्याळममध्ये कुणी म्हणत असणार, आणि त्याच्या शेजारी ते न पटणारा एखादा पोरगाही असणार. आम्हाला मात्र एक नवी भीती शिकावी लागली, ज्याच्याकडून हरणं शोभणार नाही त्याच्याकडून हरण्याची. विदर्भ ३७९. उत्तरात केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ पर्यंत पोहोचला. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक ठरला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. केरळला त्या आघाडीच्या इतकं जवळ आणणाऱ्यांत आदित्य सरवटे होता. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच जामठ्यावर सौराष्ट्राचे ११ गडी बाद करून विदर्भाला दुसरा करंडक मिळवून देणारा आमचा सरवटे आता केरळकडून खेळत होता. विदर्भाने मुंबईकडून माणसं आणली, केरळने विदर्भाकडून. त्याने ७९ धावा केल्या, आणि तो बाद होईपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून बसलो होतो.