उलटतपासणी

बेळगावहून निपाणीस जाणाऱ्या बसमध्ये हल्ली शेजारचा प्रवासी कानांत यंत्र घालून डोळे मिटून बसलेला दिसतो. चौकशी करावी तर तो प्रवचन ऐकत असतो. त्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तीर्थरूप अण्णा निवर्तल्यावर वर्षभर आम्हीही हेच केले. वक्ते विद्वान, वाणी रसाळ. आणि त्याच वर्षी धाकट्या बंधूंविरुद्ध घराच्या वाटणीचा दावा आम्ही निर्धास्त मनाने चालविला. अपरिग्रहावरील निरूपण ऐकत कोर्टाची पायरी चढताना आम्हांस काही विसंगत वाटले नाही.

सरतपासणीत साक्षीदार आपली ठरलेली हकीकत सांगतो. ती टिकते की नाही हे उलटतपासणीत कळते. ध्वनिमुद्रित प्रवचन श्रोत्याची उलटतपासणी घेऊ शकत नाही. उलट, नको तो भाग श्रोताच बोटाने पुढे सरकवितो, आणि यंत्रही त्याच्या आवडीचेच पुन्हा त्याच्यापुढे ठेवते. दासबोधात गुरुलक्षणाच्या समासाला लागूनच शिष्यलक्षणाचा समास आहे, याचा अर्थ आम्हांस फार उशिरा उमगला.

बेळगावात हिंदवाडीस ज्यांच्या नावाचे मंदिर आहे, ते गुरुदेव रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू. महाराष्ट्रीय संतांच्या अनुभवावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथांची त्यांना वाण नव्हती. तरी १९०१ साली, विद्यार्थिदशेत, भाऊसाहेब महाराज उमदीकरांकडून मिळालेले नाम १९५७ साली निंबाळ येथे देह ठेवीपर्यंत त्यांनी सोडले नाही. ग्रंथ त्यांनी जगासाठी लिहिले. स्वतःसाठी मात्र समोर बसलेला एक माणूस त्यांना लागला.

समोरच्या माणसात धोका नाही असे नाही. ज्यास आपले मर्म कळले तो त्याचा गैरफायदाही घेतो. गुरूच्या पायी राहते घर लिहून देऊन मग आमच्याकडे रडत आलेले पक्षकार आम्ही पाहिले आहेत. म्हणून सावधपणा हवाच. पण सावधपणाच्या नावाखाली कोणालाच जवळ येऊ न देणे, हीही एक सोयच असते. आमची तरी होती.

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर एका संध्याकाळी देवळात आरती आटोपल्यावर वृद्ध भटजींनी विचारले, "वकीलसाहेब, श्राद्धास धाकटे दिसले नाहीत?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," आम्ही उत्तरलो.

भटजी रागावले नाहीत, हसलेही नाहीत. तीर्थाची पळी आमच्या हातावर तशीच धरून ते उभे राहिले.

पुढील तारखेस आम्ही तडजोडीसाठी मुदत मागितली.