दुसरा इलाज नव्हता

या लेखाचा विषय काही वाचकांना थोडा विचित्र वाटण्याचा संभव आहे. महारोगाने किंवा अणुयुद्धाने मानवी वस्ती उद्ध्वस्त झाल्यानंतर जी मूठभर माणसे उरतात, त्यांच्या भयकथा आपल्याकडे गंभीर साहित्यात गणल्या जात नाहीत. प्रवासात वाचाव्यात आणि उतरताना आसनावरच विसराव्यात, अशी त्यांची ख्याती. माझ्या कपाटातील अशी पुस्तके पाहून एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी एकदा हसत विचारले होते, "घरात प्रकटीकरणाचे पुस्तक असताना ही कशाला रे बाबा?"

त्यांच्या प्रश्नातच मला उत्तर सापडले. ग्रीक भाषेतील 'अपोकॅलिप्सिस' या शब्दाचा मूळ अर्थ सर्वनाश असा नाही. झाकलेले उघडे करणे, पडदा दूर सारणे, हा त्याचा अर्थ. व्यवहारात 'अपोकॅलिप्स' म्हटले की आज जगाचा अंतच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु नव्या करारातील शेवटच्या पुस्तकाला मराठीत मिळालेल्या 'प्रकटीकरण' या नावात तो मूळ अर्थ शाबूत आहे. मग प्रश्न असा, की कायदा, शेजार, पगार, अब्रू आणि चारचौघांची भीती हे सारे पडदे एका रात्रीत गळून पडले, तर माणसाचे काय प्रकट होईल? चांगल्या भयकादंबऱ्या हाच प्रश्न विचारतात. त्यांतील प्रेते आणि पिशाच्चे ही केवळ दाराबाहेरची गर्दी होय.

मला प्रिय असलेल्या चार कादंबऱ्या येथे एकाच निकषावर तपासून पाहायच्या आहेत. चारही कादंबऱ्यांत कोणी ना कोणी, उघडपणे किंवा मनाशी, एक वाक्य उच्चारतो: दुसरा इलाज नव्हता. त्या वाक्याचे लेखकाने पुढे काय केले, हा माझा निकष.

रिचर्ड मॅथसन यांची 'आय ॲम लेजंड' ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. एका जीवाणूमुळे सारी माणसे रक्तपिपासू झाली आहेत. लॉस एंजेलिसमधील आपल्या तटबंद घरात रॉबर्ट नेव्हिल हा एकटाच निरोगी माणूस उरला आहे. रात्री एके काळचा शेजारी दाराबाहेर उभा राहून त्याला हाका मारतो. दिवसा नेव्हिल घरोघर हिंडून झोपलेल्या रोग्यांच्या छातीत लाकडी खुंट्या ठोकतो. पत्नी आणि मुलगी गमावलेल्या या माणसाविषयी वाचकाला कणव वाटते. त्याच्या हत्यासत्राकडे आपण घरातील ढेकूण मारल्याच्या सहजतेने पाहतो, कारण त्याला दुसरा इलाज नाही, हे आपणही मान्य केलेले असते.

या पुस्तकातील एक तपशील ख्रिस्ती वाचकाने विशेष लक्षात घ्यावा. क्रूस पाहून हे रक्तपिपासू मागे हटतात. मात्र सगळेच नव्हे. जिवंतपणी ज्यांना क्रूस पवित्र वाटत होता, तेच त्याला भितात. तो ज्यू शेजारी क्रूसाला बधत नाही. तोरा पाहून मात्र शहारतो. स्वतः काय झालो आहोत, याची जाणीव ज्या पवित्र वस्तूने होते, तीच त्यांना सहन होत नाही. म्हणजे या राक्षसांच्या ठायी सदसद्विवेकाचा एक जळका तुकडा अद्याप शिल्लक आहे. ही खूण नेव्हिलच्या हाती असते. तो तिचा उपयोग केवळ शस्त्र म्हणून करतो.

शेवटी उलगडते ते असे, की रोग्यांपैकी काहींनी औषधाच्या आधारे जगण्याची वाट शोधली आहे. त्यांचा नवा समाज उभा राहत आहे. दिवसाढवळ्या येऊन झोपेत आप्तांना ठार करणारा नेव्हिल हाच त्या समाजाच्या दृष्टीने राक्षस आहे. जिच्या पतीला त्याने मारले, तीच स्त्री त्याला त्याच्या अंतापूर्वी हे सत्य समजावते. 'दुसरा इलाज नव्हता' असे म्हणताना मरणारा कोण आहे, हे पाहण्याचे कष्ट नेव्हिलने घेतले नव्हते. आणि वाचकानेही घेतले नव्हते. हा तडाखा इतका नेमका आहे, की विचाराच्या तीक्ष्णतेत मी या छोट्या पुस्तकाला चौघांत पहिला क्रम देईन.

वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लायबोविट्झ' (१९५९) ही रूढ अर्थाने भयकथा नाही. पण तिच्या अखेरच्या भागाइतके भयंकर मी थोडेच वाचले आहे. मिलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाँबफेकी विमानातून लढले. १९४४ साली माँते कासिनोचा प्राचीन बेनेडिक्टाइन मठ ज्या हल्ल्यात जमीनदोस्त झाला, त्यात त्यांचा सहभाग होता. पुढे ते कॅथलिक झाले आणि त्यांनी कादंबरी लिहिली ती अणुयुद्धानंतरच्या वाळवंटात ज्ञान जपणाऱ्या एका मठाची. शतकांमागून शतके लोटतात, विज्ञान पुन्हा बहरते आणि माणूस पुन्हा अणुबाँब टाकतो.

किरणोत्साराने होरपळलेली एक आई आणि तिचे लहान मूल मठाच्या आश्रयाला येतात. दोघे वाचण्याची आशा नाही. सरकारने अशांसाठी दयामरणाची छावणी उघडली आहे आणि डॉक्टर त्यांना तोच मार्ग सुचवतो. हा डॉक्टर खलपुरुष नाही. वेदना हेच एकमेव अनिष्ट त्याला ठाऊक आहे आणि त्याच्यापाशी खरोखरच दुसरा इलाज नाही. मठाधिपती झेर्की तिला परावृत्त करण्याचा जिवापाड प्रयत्न करतो. लहानपणी गाडीखाली सापडलेल्या मांजराला वेदनेतून सोडवायला तो गेला होता, तेव्हा ते मुके जनावर जगण्यासाठी कसे धडपडले, ही आठवण तो तिला सांगतो. अखेर कायदा त्याला अडवतो, ती बाई छावणीच्या फाटकातून आत जाते आणि संतापाच्या भरात मठाधिपती डॉक्टरच्या तोंडावर ठोसा मारतो. मिलर आपल्या धर्मगुरूला वादात जिंकू देत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्या बाईच्या मांडीवर तळमळणारे मूल पाहिल्यावर कोणाही सश्रद्ध वाचकाला आपले उत्तर सहजपणे तोंडावर फेकता येऊ नये, अशीच त्यांची योजना दिसते.

१९९६ साली मिलर यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यावरून त्यांची कादंबरी खोटी ठरली असे काही जण म्हणतील. मला ते क्रूर वाटते. ज्या काठावर ते स्वतः आयुष्यभर उभे होते, त्याच काठावरून त्यांनी त्या आईला हाक मारली होती, एवढेच मी म्हणेन.

स्टीफन किंग यांची 'द स्टँड' (१९७८, विस्तारित आवृत्ती १९९०) ही चौघांत सर्वांत विशाल आणि निव्वळ कथाकथनाच्या दृष्टीने सर्वांत रसाळ. लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेला फ्ल्यूचा विषाणू शेकडा ९९ हून अधिक माणसांचा बळी घेतो. उरलेल्यांना दोन प्रकारची स्वप्ने पडतात: नेब्रास्कातील मक्याच्या शेतांत राहणाऱ्या, शंभरी उलटलेल्या अबिगेल या कृष्णवर्णीय वृद्धेची, आणि रँडल फ्लॅग या अघोरी पुरुषाची. स्वप्नांमागोमाग माणसे दोन नगरांत विभागली जातात. शेवटी आकाशातून जणू ईश्वराचा हात उतरतो आणि दुष्टांचे नगर त्यांच्याच अणुबाँबने भस्मसात होते.

ख्रिस्ती वाचकाला ही कादंबरी सर्वांत जवळची वाटावी. मला मात्र तिचा शेवट कमी पटतो. आपला पक्ष कोणता हे स्वप्नात येऊन कोणी सांगणार असेल आणि निर्णायक क्षणी वरून हात येणार असेल, तर चांगुलपणाची निम्मी परीक्षा आधीच माफ होते. या पुस्तकाचे खरे भय अन्यत्र आहे. सज्जनांच्या नगराची समिती शत्रूकडे तीन हेर पाठवते. त्यांतील एक आहे टॉम कलेन, बालबुद्धीचा, निष्पाप, सर्वांवर विश्वास टाकणारा माणूस. त्याला संमोहित करून, पढवून, मृत्यूच्या तोंडी धाडले जाते. समितीतील माणसांना याची लाज वाटते. तरीही हात वर करून ठराव संमत होतो. दुसरा इलाज नसतो ना! पुढे टॉम सुखरूप परततो, इतकेच नव्हे, वाटेत पाय मोडून पडलेल्या समितीच्याच एका सदस्याचा जीव वाचवतो. टॉमने त्या सदस्यावर उपकार केला खरा. पण ठरावाचे पाप त्यामुळे पुसले जात नाही. किंग यांनी हा हिशेब पुरता मागितला असता, तर ही कादंबरी केवळ मोठी न राहता थोर झाली असती.

तो हिशेब मागितला कॉर्मॅक मॅकार्थी यांनी. 'द रोड' (२००६, पुलित्झर पारितोषिक २००७) मध्ये जग का जळाले हे सांगितलेलेच नाही. सर्वत्र राख, मेलेली झाडे, थंडी. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातील ढकलगाडीत चीजवस्तू घालून दक्षिणेकडे चालले आहेत. दोघांनाही नावे नाहीत. पिस्तुलात दोन गोळ्या असतात; मुलाला वाचवताना एक खर्ची पडते. वाटेत माणसेच माणसांना खातात. आपण चांगली माणसे आहोत आणि आपल्यापाशी जपायचा एक अग्नी आहे, असे बाप मुलाला सांगत राहतो.

एके दिवशी एक चोर त्यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो, पिस्तूल रोखून गाडी परत मिळवतो आणि त्याचे सगळे कपडे, पायांतील जोडेसुद्धा काढून घेतो. तू आमचे जे केलेस तेच मी तुझे करतो, असा त्याचा न्याय. त्या थंडीत नागवा माणूस जगणार नाही, हे उघड आहे. मुलगा रडू लागतो आणि रडणे थांबवत नाही. अखेर बाप त्याच्यासह मागे फिरतो, हाका मारतो. पण चोर दिसेनासा झालेला असतो. ते त्याचे कपडे आणि जोडे रस्त्यावर ठेवून परततात. त्याला ठार मारण्याचा माझा विचार नव्हता, असे बाप म्हणतो. मुलाचे उत्तर एवढेच, की आपण त्याला मारले आहे.

चारही कादंबऱ्यांत मला हा प्रसंग श्रेष्ठ वाटतो. येथे स्वप्नातील वृद्धा नाही, मठ नाही, नवा समाज नाही, पाहणारा कोणी नाही. बापाचा युक्तिवाद बिनतोड आहे. तो मुलाच्याच जिवासाठी हे करतो. मुलगा त्याचे खंडन करत नाही. तो फक्त त्या वाक्याआड लपण्यास नकार देतो. कदाचित दुसरा इलाज नसेलही. परंतु जे घडले त्याचे नाव बदलू नये, एवढाच त्याचा आग्रह. बाप ज्या अग्नीविषयी बोलतो, तो मला या आग्रहातच दिसतो.

हे सारे मी आरामखुर्चीत बसून लिहीत आहे असे वाचकांस वाटू नये, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या वसाहतीचे फाटक बंद होते आणि जवळच्या महामार्गावरून मजुरांची कुटुंबे पायी आपल्या गावांकडे निघाली होती. एका दुपारी, कडेवर मूल घेतलेला एक माणूस रिकामी बाटली दाखवत फाटकाशी उभा राहिला. बाहेरच्या कोणाला जवळ येऊ देऊ नये, असा वसाहतीचा ठराव होता. त्या ठरावाला मीही संमती दिली होती. पहारेकऱ्याने हात हलवून त्याला पुढे जायला सांगितले. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहत होतो. चार जिने उतरून एक बाटली फाटकाबाहेर ठेवणे अशक्य नव्हते. मी उतरलो नाही. संध्याकाळी पत्नीने विषय काढला, तेव्हा मी तेच वाक्य म्हणालो. आमच्या जगाचा अंत झालेला नव्हता. नळाला पाणी होते.

महामारीच्या काळात माणसे अशीच वागतात, असेही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा लोक घरे सोडून पळत होते. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. वयाची साठी उलटलेल्या बाईने नाइलाज सांगितला असता, तर तिला कोणी दोष दिला नसता.

धर्मगुरूंना त्या दिवशी मी काही उत्तर दिले नव्हते. आज ते हयात असते, तर सांगितले असते, की फादर, जगाचा शेवट कसा होईल हे कळावे म्हणून मी ही पुस्तके वाचत नाही. पडदा सरतो तेव्हा पलीकडे मी कोणत्या जागी उभा असेन, याची मला धास्ती असते. एकदा तो थोडासा सरला होता, आणि मी गॅलरीत उभा होतो.