उधारी कशात मांडायची?

एल साल्वादोरच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एल सोन्ते नावाचं सर्फिंगचं गाव आहे. २०१९ मध्ये एका निनावी दात्याच्या देणगीतून तिथे बिटकॉइन आलं. किनारा साफ करणाऱ्या पोरांना मेहनताना त्यातच मिळू लागला आणि गावाला ‘बिटकॉइन बीच’ हे नाव पडलं. या गावात एक आजी पुपुसे विकत होती असं समजू या. मक्याच्या पिठाची जाड पोळी, आत चीज नाहीतर वाटलेल्या घेवड्याचं सारण, अर्ध्या डॉलरला एक. देशाचं जुनं चलन कोलोन. २००१ मध्ये व्यवहार डॉलरमध्ये गेले, तेव्हा ८.७५ कोलोनला एक डॉलर हा हिशेब करून तिने फळा एकदाच बदलला होता.

७ सप्टेंबर २०२१ ला सरकारने बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. सरकारी ‘चिवो’ वॉलेट उघडणाऱ्याला ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट मिळणार होतं. आजीच्या हाताखाली काम करणारा नातू हरखून गेला. “आजी, आता आपणही भाव बिटकॉइनमध्येच लिहू.” एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग केले की एक भाग म्हणजे सातोशी. बिटकॉइन ५२,००० डॉलरच्या आसपास होतं, म्हणून त्याने फळ्यावर लिहिलं: पुपुसा ९६० सातोशी. त्याच दिवशी बिटकॉइन ४३,००० पर्यंत कोसळलं. पोराने आकडा पुसून ११६० लिहिला.

“पीठ महागलं का रे?”

“नाही.”

“चीज?”

“नाही गं.”

“मग माझा पुपुसा कशाने महागला?”

“अजून ते लहान आहे आजी, मोठं झालं की स्थिरावेल. २०११ मध्ये ३२ डॉलरवरून २ डॉलरवर आलं होतं, म्हणजे शंभरातले नव्वदहून जास्त गेले. २०१७ च्या शेवटी २०,००० ला टेकलं आणि वर्षभरात ३,२०० वर उतरलं, तेव्हा चौऱ्याऐंशी गेले. बघ, आपटणं कमी होतंय.”

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या खेपेलाही ते खरं ठरलं: नोव्हेंबर २०२१ मधल्या ६९,००० वरून वर्षभरात साडेपंधरा हजारांवर, म्हणजे शंभरातले सत्याहत्तर. बाजार मोठा होत जातो तसा एकट्यादुकट्याच्या खरेदी-विक्रीचा धक्का सौम्य होतो, हे मान्यच करायला हवं. पण शंभराचे तेवीस उरणं ही सुधारणा पीठवाल्याची उधारी भागवायला पुरत नाही. आणि खोट नाण्याच्या घडणीतच आहे. बिटकॉइन २ कोटी १० लाखांपलीकडे कधी निघणार नाही, नव्या नाण्यांचा ओघही साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो. कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि भाव खाली येतो. बिटकॉइनची मागणी दुप्पट झाली तरी एक नाणं जास्त निघत नाही, त्यामुळे मागणीतला प्रत्येक चढउतार थेट किमतीवर येऊन आदळतो.

आजीला हे गणित ठाऊक नव्हतं. तिला ते कळलं एका सौद्यातून.

किनाऱ्यावर एक अतिथिगृह होतं. मालक बिटकॉइनचा कट्टर भक्त, भिंतीवर भलंमोठं चिन्ह रंगवलेलं. त्याने ऑक्टोबरभर रोज पन्नास पुपुसे मागितले, पैसे महिनाअखेर. नातू म्हणाला, “हा तर आपलाच माणूस. सौदा सातोशीत लिहू, आजच्या भावाने.”

मालक हसला आणि मान हलवली. “नको. ते वर जाणार आहे. आज लिहिलेले सातोशी महिनाअखेर मला कितीतरी महाग पडतील. डॉलरमध्ये लिही.”

त्याचा अंदाज चुकला नाही. महिन्याच्या सुरुवातीला ४८,००० च्या आसपास असलेलं बिटकॉइन शेवटी ६०,००० च्या वर होतं. पावणेआठशे डॉलरच्या बिलापायी त्याला साडेनऊशेहून जास्त मोजावे लागले असते.

पण आजीने फायद्या-तोट्याचं बोलणं काढलंच नाही. रात्री तवा घासताना ती नातवाला म्हणाली, “ज्याला ते वर जाईल असं वाटतं, तो त्यात कर्ज घेणार नाही. ज्याला ते पडेल असं वाटतं, तो त्यात उधारी देणार नाही. मग त्यात शब्द द्यायचा कुणी?”

या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे वाक्य. भाव स्थिरावेल का, असं आपण तक्ते बघून विचारत राहतो. त्यापेक्षा पगार, भाडं, उधारी बिटकॉइनमध्ये ठरवायला लोक तयार आहेत का, हे बघावं. ज्यांचं देणं आणि येणं एकाच चलनात असतं, ते किंमत हलली म्हणून विकायला धावत नाहीत, आणि अशी माणसं वाढली तर किमतीला बूड येतं. जोवर ते वाढण्याच्या आशेनेच धरून ठेवलं जातं, तोवर ती आशाच त्याला हलवत राहणार.

नातवाने हार मानली नाही. डॉलरशी बांधलेली नाणी असतात, ती वापरू म्हणाला. मे २०२२ मध्ये त्यातलं टेरायूएसडी, ज्याच्या पाठीशी मुख्यतः लुना नावाचं दुसरं नाणं होतं, काही दिवसांत डॉलरवरून काही सेंटांवर आलं. खऱ्या ठेवींचा आधार असलेलं यूएसडीसीसुद्धा मार्च २०२३ मध्ये ८८ सेंटांपर्यंत घसरलं, कारण त्याचे ३.३ अब्ज डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. अमेरिकन सरकारने ठेवींची हमी दिल्यावर ते सावरलं. “म्हणजे शेवटी पेटी कुणाकडे आहे हेच बघायचं,” आजी म्हणाली.

त्या दोघांनी मग वाटणी केली. फळा, पीठवाल्याची उधारी आणि महिन्याचे सौदे डॉलरमध्ये. पर्यटकाने बिटकॉइन दिलं तर घ्यायचं, पण आकडा डॉलरचा टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचे डॉलर करून ठेवायचे. नातवाला स्वतःच्या मजुरीतून हवं तेवढं बिटकॉइन साठवायची मोकळीक, फक्त त्यात पीठवाल्याचा पैसा नसावा. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन स्वीकारण्याची दुकानदारांवरची सक्ती उठली, तेव्हा त्यांच्या गाड्यावर काहीच बदलावं लागलं नाही.